माळवद, पत्रा, स्लॅब: कोरेगावच्या छपरांची तापलेली गोष्ट

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, ज्यांच्या एसटीत शेजारी कुणीतरी मोठ्याने रील बघतंय, किंवा आकडे कानावरून निसटतात म्हणून ज्यांना वाचायचंय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. माझं बोलतानाचं 'अं… म्हणजे…' गाळलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

आधीच सांगते, मी ज्या कोरेगावबद्दल बोलतेय ते पुण्यातलं कोरेगाव पार्क नाही. आणि भीमा कोरेगावही नाही. दर वेळी कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच. हे सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव, साताऱ्यापासून वीसेक किलोमीटर पूर्वेला, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं, वाघ्या घेवड्याचं. माझं गाव.

आमच्या घरी एक भांडण गेली कित्येक वर्षं दर मे महिन्यात होतं. पुढे आमचं स्लॅबचं घर आहे आणि मागे परसात आजीचं जुनं, मातीच्या माळवदाचं दोन खणांचं घर. दुपारी जेवण झालं की आजी आपली चटई उचलते आणि मागे निघून जाते. बाबा ओरडतात, "आई, तिथं झोपू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?" आणि आजी जाता जाता म्हणते, "तुझ्या त्या तव्याखाली तूच झोप बाबा." तवा म्हणजे स्लॅब.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. त्यामुळे लहानपणापासून मला वाटायचं की या भांडणात आजी बरोबर आहे आणि बाबा उगाच हट्टाला पेटलेत. यंदा ते मागचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा म्हटलं आपण नीट हिशोब मांडू. मातीतून उष्णता किती जाते, काँक्रीटमधून किती, पत्र्यातून किती. तो मांडता मांडता मी १९९३ सालापर्यंत जाऊन पोचले, आणि तिथे मला बाबा भेटले. आजचा एपिसोड त्याचा आहे.

पण आधी माळवद. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकलाही नसेल. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, काही ठिकाणी त्याला धाबं म्हणतात. खाली लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा लाकडाच्या चिरफाळ्या, त्यावर पाला नाहीतर तुरकाट्या, आणि सगळ्यांत वर माती. चांगली फूटभर, कधी जास्त. मध्ये उजेडाला आणि धुराला एक भोक ठेवायचं, ते साणं. कडेला पाणी जायला पन्हळ. उन्हाळ्यात वर कुरडया-सांडगे वाळवायचे आणि रात्री तिथंच अंथरूण टाकायचं.

सातारा जिल्हा मोठा गमतीचा आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला माण, तिथे पाचशेच्या आसपास. हे दोन्ही एकाच जिल्ह्यात. त्यामुळे पश्चिमेकडे उतरती छपरं, गवताची किंवा कौलाची, आणि पूर्वेकडे सरकत गेलात की छप्पर हळूहळू आडवं होत जातं. कोरेगाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. आमच्याकडे एकाच आळीत दोन्ही बघायला मिळायचं.

आता माती कुठली? ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गावाच्या जुन्या बोलीत जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण, वस्ती. आणि माळवदावर पांढरीच घालायची, काळी चालत नाही. कारण काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ज्यांच्या शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेग पडते त्यांना हे मी सांगायला नको. छपराला अशी भेग पडली तर पहिल्याच पावसात घरात तळं. पांढरी माती तशी वागत नाही, ती दबून बसते. म्हणून जुन्या पडक्या गढ्या-बुरूज खणून लोकांनी माती नेली. इतिहासाचे अभ्यासक यावर हळहळतात, आणि बरोबर आहे त्यांचं. पण ज्याच्या डोक्यावर गळतंय तो बुरुजाकडे माती म्हणूनच बघणार.

दर वर्षी मृगाच्या आधी वर नवा थर द्यायचा. जुना कुणी काढत नाही, नवा वर चढतो. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

बरं, आता उष्णतेकडे येऊ. सकाळी स्टीलचा डबा आणि लाकडी पोळपाट, दोन्ही एकाच खोलीत रात्रभर पडलेले. डबा हाताला गार लागतो, पोळपाट लागत नाही. थर्मामीटर लावलं तर दोघांचं तापमान एकच. फरक एवढाच की स्टील तुमच्या हातातली उष्णता भराभर ओढून नेतं, लाकूड नेत नाही. हा जो ओढून नेण्याचा गुण, त्याला उष्णतावाहकता म्हणतात. वस्तू एक मीटर जाड, एक चौरस मीटर रुंद, दोन बाजूंत एक अंशाचा फरक, तर पलीकडे दर सेकंदाला किती उष्णता जाते, त्याचा आकडा.

हा गुण मोजता येतो आणि त्याचं गणित मांडता येतं हे पक्कं झालं ते फ्रान्समध्ये, जोसेफ फुरिये या माणसामुळे. १८०७ मध्ये त्याने पहिला निबंध सादर केला तेव्हा लाग्रांजसारख्या दिग्गजाने त्यावर आक्षेप घेतले. मग १८२२ मध्ये त्याचा ग्रंथ छापून आला. त्या वर्षी इकडे साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर होते. आज कुठल्याही इमारतीचा एसी किती टनाचा लागेल हे काढणारा इंजिनिअर फुरियेचंच सूत्र वापरतो.

पण सूत्राच्या आधी धंदा आला, नेहमीसारखा. काउंट रम्फर्ड म्हणून एक अमेरिकेत जन्मलेला, बव्हेरियाच्या सैन्याच्या कपड्यांची चिंता करणारा माणूस होता. त्याने पिसं, लोकर, रेशीम सगळं तपासून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं. आपल्या आज्यांनी त्याआधीच वाकळ शिवलेली होती, पण त्यांना पदक कोण देणार!

आणि मग बर्फ. १८३३ च्या मे महिन्यात बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज निघालं, पोटात तळ्यातून कापलेला १८० टन बर्फ. चार महिने समुद्र, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता! फ्रेडरिक ट्यूडर हा त्यामागचा व्यापारी. त्याची सगळी जादू म्हणजे लाकडाचा भुसा. भुशाची वाहकता ०.०५ च्या आसपास, म्हणजे साध्या लाकडापेक्षाही कमी, कारण कणाकणांत हवा. पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ आला आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं. ते खाऊन पाहुण्यांना सर्दी झाली अशी बातमी 'मुंबई समाचार'ने छापली म्हणतात. मला हा किस्सा फार आवडतो, म्हणून घातला. विषयाशी संबंध आहे, भुशापुरता.

मी कॉलेजात असताना आम्हाला 'लीज डिस्क' नावाचं प्रॅक्टिकल होतं. मँचेस्टरच्या चार्ल्स लीजने १८९० च्या दशकात बसवलेली पद्धत, आजही आपल्या बीएस्सीच्या जर्नलमध्ये आहे. पुठ्ठ्याची एक चकती पितळेच्या दोन जाड चकत्यांच्या मध्ये ठेवायची, वरून वाफ सोडायची, आणि दोन्हींची तापमानं स्थिर होईपर्यंत वाट बघायची. हा 'वाट बघायची' भाग मी केला नव्हता. कॅन्टीनला जायचं होतं. त्यामुळे माझ्या पुठ्ठ्याची वाहकता काचेपेक्षा जास्त आली आणि मी ती पुस्तकातल्या आकड्याला जुळवून घेतली. आज जाहीर कबुली देते.

भारतात हे आकडे नीट मोजले गेले आहेत. १९४७ मध्ये रुडकीला केंद्रीय इमारत संशोधन संस्था सुरू झाली. भारतीय मानक ब्यूरोने १९८७ मध्ये काढलेल्या एका हँडबुकात बांधकामाच्या वस्तूंचा तक्ता आहे. त्यातले काही आकडे जवळपास असे: काँक्रीटचा स्लॅब १.५८, भाजलेली वीट ०.८१, मातीची कच्ची वीट ०.७५, माळवदासारखा मातीचा थर ०.५२, सागासारखं लाकूड ०.१४, भाताचं तूस ०.०५, थर्माकोल ०.०३५. आणि जस्ताचा पत्रा? ६१. हो, एकसष्ट.

हा तक्ता बघून पहिल्यांदा मी खट्टू झाले. कारण आजीची माती स्लॅबच्या फक्त तिप्पट चांगली. लाकूड, तूस, थर्माकोल यांच्यासमोर तर ती नापासच. मग आजीच्या खोलीत एवढं गार का?

उत्तर जाडीत आहे. स्लॅब साधारण चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर. माळवद एक फूट. उष्णतेला अडवण्याची ताकद म्हणजे जाडी भागिले वाहकता. स्लॅबची येते ०.०६. फूटभर मातीची ०.५९. जवळपास दहापट! पत्र्याची काढायला गेलात तर शून्यानंतर पाच शून्यं येतात. पत्रा अर्धा मिलिमीटर, तो उन्हाला अडवतच नाही, नुसता ऊन आणि तुमच्या मध्ये उभा राहतो.

आणि दुसरी गोष्ट आहे उशीर. जाड, जड मातीला तापायला वेळ लागतो. मी ढोबळ हिशोब केला: दुपारचं ऊन फूटभर मातीतून खाली उतरायला दहा-अकरा तास घेतं. चार इंची स्लॅबमधून अडीच-तीन तास. म्हणजे दुपारी दोनच्या उन्हाचा कळस स्लॅबच्या घरात संध्याकाळी पाचला पोचतो, आपण कामावरून घरी यायच्या वेळेला, आणि मग रात्री उशिरापर्यंत छत आपल्यावर शेकत राहतं. माळवदात तोच कळस पोचतो मध्यरात्रीनंतर, तोही खूप मंदावून. आणि मध्यरात्री लोक कुठे असायचे? वर, माळवदावर, चांदण्या मोजत. दिवसा खाली, रात्री वर. घर आणि माणसं दोघांचं वेळापत्रक जुळलेलं होतं.

मातीची ही ताकद आमच्या भागाने घरापुरती ठेवली नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेले हौदच म्हणा. वर तोंड लहान, आत पोट मोठं. बाहेर मे असो की डिसेंबर, आत हवा जवळपास एकसारखी. हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पाण्यात गेली. माती उष्णता अडवते, पाणी नाही. आणि ओली माती तर उष्णताही नीट अडवत नाही, कारण तिच्या छिद्रांतल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वाहक. म्हणून पावसाळ्यातलं गळकं माळवद म्हणजे सगळीकडूनच तोटा.

तर मग लोकांनी माळवद सोडलं का?

पहिलं कारण रेल्वे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे-मिरज मार्ग कोरेगाव तालुक्यातून गेला. महाबळेश्वरला जाणारे साहेब वाठारला उतरायचे. आता विचार करा, रेल्वे आली की जड माल स्वस्तात दूर जातो. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला होता. ती कौलं मंगलोरी म्हणून सगळीकडे पसरली. पाठोपाठ नालीदार पत्रा. त्याचं पेटंट १८२९ चं, लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामरचं. बरोबर ऐकलंत, गोदीतल्या शेडसाठी. बोटीतून उतरलेला माल भिजू नये म्हणून केलेली वस्तू आपण माणसं झोपतात तिथे लावली. लंडनमध्ये काय ऊन पडतं हो!

पण पत्र्याला नुसतं हसू नका. पत्र्यावर दर वर्षी माती चढवावी लागत नाही. माळवदाची डागडुजी म्हणजे घरातल्या बायकांचं कंबरडं. पाट्या डोक्यावर घेऊन शिडी चढायची, चोपायचं, सारवायचं. आजीला विचारलं तर ती सांगते की तिच्या सासूने पत्र्याचं घर बघितलं तेव्हा म्हणाली होती, "ह्यात राहणारीचं नशीब." उन्हाचा त्रास दोन महिने, मातीचा त्रास बारा महिने. बाईने कुठला निवडावा?

(हो, आणि मधल्या काळातले सिमेंटचे पत्रे. त्यांची वाहकता कमी, पण जाडी सहा मिलिमीटर, त्यामुळे उपयोग थोडाच. त्यातला अ‍ॅस्बेस्टॉस हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे. तुटलेला पत्रा करवतीने कापू नका, एवढं आत्ता.)

दुसरं कारण जमिनीखालून आलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या सुमाराला कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पाटण तालुका आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे कोरेगावातल्या त्या पिढीच्या सगळ्यांना ती पहाट आठवते. आजी सांगते, मडक्यांची उतरंड वाजायला लागली. घराला भेगा पडल्या, छप्पर राहिलं. त्यानंतर लोकांच्या मनात शंका आली, पण पैसा कुणाकडे होता?

मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावं. जवळपास आठ हजार माणसं. हा भाग तोवर भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता.

बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. कोरेगावातून भाकऱ्या, चादरी आणि बॅटऱ्या घेऊन एक ट्रक गेला, त्यात ते होते. हे मला यंदा कळलं. तीस वर्षांत त्यांनी ते घरात एकदाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना माझा हिशोब दाखवत होते, फुरिये, दहापट वगैरे, मोठ्या रुबाबात. त्यांनी तो कागद शांतपणे बघितला आणि विचारलं, "ह्याच्यात वजन कुठंय?"

वजन मी काढलंच नव्हतं.

मग आम्ही दोघांनी बसून काढलं. मातीचं एक घनमीटर सोळाशे-सतराशे किलो. एक फूट जाडीचं माळवद म्हणजे दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास. आजीची एक खोली दहा बाय दहा फूट धरली तर डोक्यावर साडेचार टन. स्लॅबचं याच्या निम्मं. पत्र्याचं दर चौरस मीटरला पाच किलो. आणि किल्लारीकडे माळवदं फूटभर नव्हती. दर वर्षी नवा थर, जुना कुणी काढत नाही, आठवतंय ना? पिढ्यान्‌पिढ्या चढत काही ठिकाणी दोन फुटांवर गेली होती. दर चौरस मीटरला एक टन.

"दारं उभी होती," बाबा म्हणाले. "चौकटी तशाच. मधे काही नव्हतं. नुसती माती. आम्ही फावड्यानं उकरत होतो, आणि फावडं लागंल म्हणून मग हातानं." एवढंच बोलले. मी रेकॉर्डर लावलेला नव्हता, आणि लावला असता तरी ते ऑडिओ मी तुम्हाला ऐकवलं नसतं.

इथे न्यायाने एक सांगायला हवं. इंजिनिअरांनी नंतर जे पाहिलं त्यात छप्पर एकटं दोषी नव्हतं. भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-तीन फूट जाड. पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधणारा आरपार दगडच नव्हता. हादरा बसल्यावर भिंत मधोमध उकलली, आणि मग छप्पर. जिथे लाकडी खणांचा सांगाडा मजबूत होता तिथे भिंत पडूनही छप्पर खांबांवर तोललेलं राहिलं, अशीही घरं होती. म्हणून दुरुस्तीच्या सूचनांत छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, वरून पट्टा बांधा, असं आलं. मातीच्या घरांसाठी भूकंपाची वेगळी भारतीय मानकंही १९९३ चीच आहेत.

पण ज्याने हाताने माती उकरली त्याला मानक क्रमांक सांगून उपयोग नसतो. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी नव्याने बसवली. नवी घरं बहुतेक सिमेंट-काँक्रीटची. त्यांत उन्हाळ्यात उकडतं अशी तक्रार झालीच. तरी मातीच्या छपराखाली परत जायची हिंमत बऱ्याच जणांना झाली नाही. आणि हे लोण मराठवाड्यापुरतं राहिलं नाही. आमच्याकडेही स्लॅब टाकणं म्हणजे एकाच वेळी श्रीमंती आणि सुरक्षितता. आमच्या बाबांनी २००४ मध्ये कर्ज काढून स्लॅब टाकला तो त्या फावड्यामुळे. मी त्याला हट्ट म्हणत होते.

आता या गोष्टीतला खट्याळ भाग. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात म्हटलंय की छपरातून दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. मी आतल्या-बाहेरच्या हवेचा थर धरून आकडे बसवले. आमचा उघडा स्लॅब: ३.८. तिप्पट नापास. आजीचं माळवद, खालच्या इंचभर फळीसकट: १.०५ च्या आसपास. पास! शाळेत न गेलेल्या माणसांनी बांधलेलं छप्पर दिल्लीच्या नियमात बसतं, आणि माझ्या बाबांनी कर्ज काढून बांधलेलं बसत नाही. ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, त्यामुळे आमच्या दारात कुणी तपासायला येणार नाही, ही वेगळी गोष्ट.

म्हणजे आजी उष्णतेत बरोबर, बाबा वजनात बरोबर. मातीत या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत. गारवा पाहिजे तर जाडी पाहिजे, जाडी पाहिजे तर वजन आलं. हजारो वर्षं माणसाकडे यातून सुटका नव्हती. गवत-पाचटाची होती, पण ते पेटतं. ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या आत बसायला सुखद असायच्या, आणि एका ठिणगीत जायच्या.

उसाचाच विषय निघाला म्हणून, १९२० च्या दशकात अमेरिकेत लुइझियानामध्ये उसाच्या चिपाडापासून दाबून केलेले 'सेलोटेक्स' नावाचे तक्ते निघाले आणि घरांच्या भिंतींत बसले. आमच्या तालुक्यात ऊस आहे, कारखाना आहे, चिपाडाचे डोंगर आहेत. ते सगळं बॉयलरमध्ये जातं. वीज होते त्याची, वाया जात नाही, पण मला उगाच वाटत राहतं.

सुटका झाली ती १९५० च्या आसपास, जर्मनीत. बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पॉलिस्टायरीनचे दाणे फुगवून हलका फेस बनवला. आपण त्याला थर्माकोल म्हणतो, आणि त्याचं मखर करायचो, २०१८ च्या बंदीपर्यंत. त्यात जवळजवळ सगळी हवाच. रम्फर्डची तीच हवा, आता अगदी बारीक कोठड्यांत कोंडलेली. हिशोब करा: दोन इंच थर्माकोल उष्णतेला जेवढं अडवतं तेवढं अडवायला माती लागते जवळपास अडीच फूट. त्या मातीचं वजन दर चौरस मीटरला बाराशे किलो. थर्माकोलचं एक किलो.

हा आकडा मी बाबांना दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्र्याण्णवला होतं का हे?" होतं. पाटण्यांपासून किल्लारीपर्यंत टीव्हीच्या प्रत्येक खोक्यात होतं.

थर्माकोल निर्दोष नाही. आग लागली की वितळतो आणि पेटतो, उघडा ठेवायचा नसतो. आणि त्याच्यात तो अकरा तासांचा उशीर नाही, कारण वजनच नाही. ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांनी पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा चुना मारावा. ऊन आत येण्याआधीच परत जातं. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये कृती आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांत पांढरी छपरं होऊ लागली. चुना लावून घेण्यात एरवी नुकसान असतं, इथे फायदा आहे.

तर आमचं काय झालं. एप्रिलमध्ये मागचं माळवद उतरवलं. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या पांढरी माती निघाली, मळ्यात पसरली. थरांच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. मी मोजायला लागले आणि तिसाच्या पुढे चुकले. घर पाडलं नाही. गावातल्या एका तरुण इंजिनिअरने खांब आणि तुळया तपासल्या, लाकूड चांगलं निघालं. भेंड्यांच्या भिंतींवरून पट्टा बांधला. वर थोडा उतार काढून दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले तयार तक्ते बसवले, आतून जुन्याच फळ्या परत ठोकल्या. मजुरी धरून पत्र्यापेक्षा बराच खर्च आला, स्लॅबपेक्षा कमी.

मेच्या पहिल्या आठवड्यात आजी चटई घेऊन मागे गेली. तासाभराने मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"ऊन लागत न्हाय," ती म्हणाली. "पर हलकं हलकं वाटतंय गं. वर कुणी न्हाय असं."

बाबा दारात उभे होते. आत आले, मान वर करून फळ्या बघितल्या, खांबाला हात लावला, आणि भिंतीला टेकून बसले. झोपले नाहीत. पण चहा तिथंच मागवला.

आता पहिल्या पावसात तो वर किती वाजतोय, ते बघायचंय. आजीला रात्री आवाज चालत नाही.

तुमच्याकडे अशा छपराला काय म्हणतात, माळवद, धाबं की आणखी काही, ते व्हॉइस नोट करून पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात असेल तर उत्तमच. पुढच्या एपिसोडमध्ये हरिपूरच्या पेवात उतरायचंय. मी पायऱ्या विचारल्या, तर ते म्हणाले, पायऱ्या नसतात, दोर असतो.